बॉयलरखालची तिरकी खाच

सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आधी चूक दुरुस्त करते. शनिवारच्या नोंदीत 'कोट टांगायला बॉयलरचं कपाट उघडलं' असं लिहिलंय. कोट टांगला नव्हता. त्या कपाटात खुंटीच नाही. मी बॉयलरखालच्या पाइपवरच्या व्हॉल्व्हचा स्क्रू नाण्याने फिरवला. थोडासाच. घड्याळाचा काटा बारावरून दीडवर जाईल इतका. कारण बॉयलर माझ्या खोलीत आहे, ज्यांच्या घरी मी राहते ते शशीकाका पहाटे पाचला अंघोळ करतात आणि तो माझ्या उशाशी घुमतो. पाणी कमी तर आवाज कमी, असं ऑनलाइन वाचलं होतं. आवाज कमी झाला. घरभरचं गरम पाणीही.
आता रोजनिशी खरी झाली. बरं वाटतंय.
आज संध्याकाळी काकूंना सांगायचं, मग स्क्रू परत बारावर. चार मिनिटांचं काम.

संध्या. ७.३०
अनुराधाकाकू दारातच म्हणाल्या, मालू, गरम पाण्याला काय धाड भरलीय गं? एक बादली भरायला वीस मिनिटं! मी म्हटलं, प्रेशर असेल. हे खोटं नाही. प्रेशर असतंच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
स्क्रू गुपचूप परत का फिरवत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. ग्लासगोला नऊ वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. एक चूकवही होती. झालेली चूक आधी उभं राहून मोठ्यांसमोर वाचायची, मग खोडरबर. न वाचता खोडलं तर ती दुसरी चूक, लाल शाईने. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्यामुळे सांगितल्याशिवाय स्क्रूला हात लावता येत नाही.
सांगायचं उद्या. आज काकूंचं डोकं दुखत होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
काका हार्टचे डॉक्टर, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आज त्यांनी सगळे नळ तपासले. गार पाणी जोरात, गरम सगळीकडे बारीक. निदान: ब्लॉकेज. मिल्टन कीन्सचं पाणी हार्ड, क्षार साचतात, अगदी कोलेस्टेरॉलसारखे. मला म्हणाले, तू आयटीतली, सिस्टिमॅटिक ट्रबलशूटिंग कर.
यादी केली. किचनच्या नळाची जाळी, शॉवरहेड वगैरे. सातवा मुद्दा: 'बॉयलरखालचे व्हॉल्व्ह'. लपवलेला नाही. फक्त सातवा आहे. उद्यापासून रोज एक मुद्दा. म्हणजे गुरुवारी, १३ तारखेला, सगळं आपोआप उघड होईल. फार शांत वाटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर
शॉवरहेड रात्रभर व्हिनेगरमध्ये. फरक नाही. (पडणार नव्हताच, पण प्रोसेस पूर्ण हवी.) काकू म्हणाल्या, अंघोळ करू की लोणचं घालू?
काका आता टॉवेल गळ्यात टाकून गावातल्या स्विमिंग पूलच्या शॉवरला जातात. वीस मिनिटं चालत, या थंडीत. का, तर म्हणे, आहे ते पाणी पोरीला पुरू दे, तिला ऑफिस असतं. मला रडू आलं. उद्या ब्रेकफास्टला नक्की.

सोमवार, १० नोव्हेंबर
ब्रेकफास्टला काका नव्हते. शॉवरला गेले होते. दोघंही समोर हवेत. एकालाच सांगणं म्हणजे अर्धी कबुली.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गॅस इंजिनिअर आला. सातव्या मुद्द्याच्या एक दिवस आधी! मला कोणी विचारलं नव्हतं.
काकांनी त्याला केस सांगितली: सुरुवात, लक्षणं, निदान. तो म्हणाला, असू शकेल. बॉयलर किती जुना? चौदा वर्षं. मग बदलाच. नवा बॉयलर २० तारखेला बसणार.
काकू त्याला माझ्याविषयी इंग्लिशमध्ये म्हणाल्या, ही मुलगी कधी खोटं बोलत नाही. तेव्हा त्याचा टॉर्च मी धरला होता. उजेड वरच्या बाजूलाच जास्त पडला. हात दुखत होता.

बुधवार, १९ नोव्हेंबर
कबुली तयार. चार वाक्यं, आरशासमोर उभं राहून पाठ केली. आवाज चांगला लागला. उद्या इंजिनिअर यायच्या आधी, सकाळी साडेसातला.

गुरुवार, २० नोव्हेंबर, दुपारी १
तो सव्वासातलाच आला.
जुना बॉयलर काढण्याआधी पाणी बंद करायला वाकला, आणि म्हणाला, हा व्हॉल्व्ह अर्धा बंदच आहे की. खाच तिरकी. त्याने ती सरळ केली. खालून काकू ओरडल्या, अगंबाई, केवढं पाणी! नवा बॉयलर खोक्यासकट परत व्हॅनमध्ये गेला.
कोणी फिरवला? वर येऊन काकूंनी विचारलं. मी उभी होते. पहिलं वाक्य ओठावर आलं होतं. तेवढ्यात काका म्हणाले, मीच. गेल्या महिन्याच्या शेवटी प्रेशर बघत होतो, तेव्हा फिरवला असणार.
काकू म्हणाल्या, जन्मभर लोकांच्या हृदयाच्या झडपा तपासल्यात, आणि घरातली एक झडप दिसली नाही तुम्हाला?
मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, हेही बाबांनीच शिकवलंय.

शनिवार, २२ नोव्हेंबर
पाणी उत्तम. पहाटे पाचला बॉयलर घुमला. जागी होतेच.
काकूंनी मँचेस्टरच्या वैजयंतीमावशींना फोनवर झडपेचा किस्सा तिसऱ्यांदा सांगितला. काका शेजारी बसून हसत होते.
नंतर माझ्या खोलीच्या दाराशी आले. हळूच म्हणाले, मालू, तुला म्हणून सांगतो. तो व्हॉल्व्ह फिरवल्याचं मला अजिबात आठवत नाही गं. माझ्या वडिलांचं विसरणं असंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, काका, असं होतं कधी कधी. हे खोटं नाही. होतं.
त्यांनी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. गुरुवारी, २७ला. काकूंना सांगितलेलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर, संध्या. ५
काका टेबलाशी बसून शंभरातून सात-सात वजा करत होते. मग महिने उलटे, डिसेंबरपासून. मला तपासायला सांगितलं. सगळं बरोबर. मी प्रत्येक उत्तरापुढे टिक केली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
आता मात्र उशीर नाही. सांगायचंच. आज नको, त्यांची लय तुटेल. टेस्टच्या आधी सांगितलं तर उगाच टेन्शन येईल. टेस्ट चांगलीच जाणार, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? निकाल कळला की ते निश्चिंत होतील, आणि मग शांतपणे ऐकून घेतील.
ठरलं: शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजता.