ट्रकवरची तोफ आणि थांबलेला सौदा

बेल्हे, सोमवार, १७ जानेवारी २००५

बाजारातल्या चहात आज साखर कमी होती. एवढं मोठं राष्ट्रीय संकट, पण दखल कुणी घेतली नाही. सगळे दत्तूभाऊंभोवती. तोफखान्यातले निवृत्त हवालदार!

चूक माझीच. परदेशात आता ट्रकवर तोफ बसवतात आणि पळता पळता गोळे टाकतात, असं आमच्या साप्ताहिकात मी थट्टेनं लिहिलं. वर ते चारचौघांत वाचूनही दाखवलं.

"पळता पळता? राव, ट्रक उलटंल की!" दत्तूभाऊ म्हणाले. मग एका टेम्पोवर तिरपा बांबू ठेवून त्यांनी दाखवलंच. "ट्रक थांबवायचा. मागं नांगरावानी फाळ असतो, त्यो भुईत रोवायचा, म्हंजी धक्का जमीन खाती. गोळे टाकले, की फाळ उचलून निघायचं. दुश्मन जागा हुडकंस्तवर आपुन डोंगराआड. आमची तोफ गाडीमागं ओढायची व्हती. ती जोडून निघंस्तवर उलटे गोळे यायचे. माझा जोडीदार त्यातच गेला."

रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवणारे दोन व्यापारी बोटं तशीच धरून ऐकत होते. जळलो तो तिथं. वीस वर्षं लिहितोय, माझ्या एका तरी वाक्यावर कुणाचा सौदा थांबला? ती बोटं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

'बांबूबहाद्दर' असं खोचक शीर्षकही सुचलं होतं. खोडलं. पुढच्या अंकासाठी दुरुस्ती लिहिली: तोफ ट्रक थांबवूनच डागतात, माझं चुकलं. हे ज्यांनी समजावलं त्या दत्तूभाऊंचं नाव पहिल्या ओळीत घातलं. माझं खाली, बारीक अक्षरात.