तार सुटलेलं पिंप

खोइक,
१२ मार्च १९७४

योलांद,

बरी असशीलच. आम्हीही आहोत. बाबांचे गुडघे तसेच, कबुतरं तशीच. फोन्स पोस्टमन अजून रोज सकाळी आपल्या दुकानात बिअरचा एक पेला रिचवून मगच सायकलवर बसतो. ओस्टेंडला समुद्राचं वारं फार, छातीला लोकर बांधत जा. मला लिहायची सवय नाही, चुका काढत बसू नकोस.

छपराची चार कौलं बदलली. जुनी बाबांनी फेकू दिली नाहीत. "त्यांच्यावर बिअर आंबवणारं बी आहे," म्हणतात. तुला माहीतच आहे.

कामाचं सांगते. शनिवारी बाबा बाटल्यांत भरायच्या बिअरचं मिश्रण ठरवायला बसले. एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची, एकेका पिंपाची खुंटी काढून चाखत चालले होते. भिंतीकडच्या सातव्यापाशी आले तशी मी म्हटलं, "ते राहू द्या."

"का? त्यात नवरा लपवलायस?" म्हणाले, आणि खुंटी उपटली.

बारीक धार पेल्यात पडली. बाबांनी नाक घातलं, घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग पेला माझ्यापुढे धरला. "पी."

आधी ओल्या गवताचा वास, मागून घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा. मग कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा, जबड्यात कळ जाईल असा. आणि गिळल्यावर कितीतरी वेळाने एवढासा गोडवा, आला की नाही कळू नये असा. आई गेल्यापासून आपल्याकडे असं काही झालं नव्हतं.

"हे कुणाचं?" बाबांनी विचारलं. माहीत असून विचारलं म्हाताऱ्याने.

तुझं. तू स्वतः भरलेलं. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधी, आम्हाला खूश करायला, तू पिंपांच्या खोलीतली कोळ्यांची जाळी झाडलीस, भिंतीला चुना फासलास. उन्हाळ्यात त्या पिंपातल्या बिअरला तार सुटली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. मी भरल्या दुकानात ओरडले, "हिच्या चुन्याने आजोबांपासूनचं बी मारलं! परत पिंपांच्या खोलीत पाय ठेवू नकोस!" फोन्स खो-खो हसला. तू तुझा पेला फळीवर पालथा घातलास आणि गेलीस.

आता ऐक. उन्हाळ्यात तार कुठल्याही पिंपाला सुटते. हात न लावता ठेवलं तर आपलं आपण बरं होतं. हे मला पोरवयापासून माहीत आहे. आणि ते बरं झालेलंही मला माहीत होतं. पुढच्याच वसंतात मी एकटीने चाखलं होतं. खुंटी ठोकून बसवली आणि तोंडही मिटलं. बोलले असते तर तुला लिहावं लागलं असतं. त्याला दोन वर्षं झाली.

बाबांना सगळं सांगितलं. "गाढवीण," म्हणाले. मग म्हणाले, "ती चाखल्याशिवाय मी मिश्रण करणार नाही. माझी जीभ म्हातारी झाली, तुझी तर लाकडाचीच." उन्हं तापायच्या आत बाटल्या भरायला हव्यात. पण नाही भरल्या तर नाही भरल्या. त्यासाठी मी हे लिहीत नाही.

पावावर मऊ चीज लावून मी अजून मुळे दोघींपुरते चिरते. मला मुळे आवडत नाहीत.

तुझ्या चुन्यावर जाळी परत आलीत. मी झाडली नाहीत. तुझा पेला रोज पुसते आणि होता तसाच ठेवते. तो तू येऊन सुलटा कर.

पालथा पेला पुसणारी,
तुझी बहीण बर्टिन