जाणाऱ्यानं आखलेलं मैदान

सर,

दोन गोलपोस्ट, बोअरच्या जुन्या पाइपांचे, कमरेइतके जमिनीत गाडलेले, अजून ओळंब्यात. रग्बीतल्या स्क्रमच्या, खांद्याला खांदा लावून रेटायच्या, सरावाचा लोखंडी गाडा, मोडक्या ट्रॉलीच्या सांगाड्यातून काढलेला. टॅकलसाठी सहा पोती. आत जिनिंगमधला रद्दी कापूस, तळाशी वाळू, म्हणजे कितीही आदळा, उभीच राहतात. मैदानावर रेघांची फक्की मारायची गाडी, दुधाच्या कॅनला सायकलचं चाक लावून. बसायचे बाक. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. आयटीआयचं दार पाहिलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. वेल्डिंग शिकलो ते दुसऱ्याच्या दुकानाबाहेर उभं राहून, डोळे सुजवून घेत. हे आधीच सांगतोय, कारण परवा क्लबात निरोपाचा कार्यक्रम झाला आणि त्यात यातल्या एकाही वस्तूचं नाव निघालं नाही. निघायचं कारण नव्हतं म्हणा. निरोप माझा नव्हता, त्याचा होता.

तो म्हणजे तोच, तुमचा. धडगावकडून वसतिगृहात आलेला. तुम्ही पुण्याहून तो अंड्यासारखा चेंडू आणलात तेव्हा आम्ही सगळे हसलो, आणि तो चेंडू काखेत मारून पळत सुटला. तो परवापर्यंत पळत होता, सर. गुडघ्याला पट्टा बांधून, आमच्या मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर, स्क्रमच्या पहिल्या फळीत. आता सुरतेकडच्या एका निवासी शाळेत रग्बी शिकवायला निघालाय, बायकोला घेऊन. क्लबात त्याला सगळे दादा म्हणतात. मला मिस्तरी म्हणतात. मीही त्याच दिवशी याच मैदानावर उतरलो होतो. माझा खांदा निखळला म्हणून मी शिटी घेतली, रेफरी झालो, एवढाच काय तो फरक.

तुमच्या स्वयंपाकघरातली एक सकाळ मला सोडत नाही. पहिला सामना जिंकून आम्ही दोघं तुमच्याकडे आलोय, घोट्यापर्यंत चिखल. बाईंनी तव्यावर कळण्याची भाकर टाकलीय. पहिली भाकर त्याच्या ताटात पडते. 'त्याला इथं कोण आहे करून घालणारं?' बाई म्हणतात. बरोबरच आहे. माझी आई गल्लीपलीकडे होती. पण आई गल्लीपलीकडे असणं हा काय माझा गुन्हा होता? मग तुम्ही आतून दोन वस्तू आणता. त्याला तुमचे बूट. मला मोजायची टेप, लांब, चामडी डबीतली. 'तुझ्या हाताला माप आहे रे,' तुम्ही म्हणता आणि मी खूश होतो, तुमच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेर तो बूट गळ्यात अडकवून उड्या मारत चाललेला, सगळी गल्ली त्याला विचारतेय, कुणी दिले, कुणी दिले. टेप गळ्यात अडकवता येत नाही. पुढे एका सामन्यात माझ्या हातून सोपा पास निसटला तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, 'अरे, चेंडूकडे बघ! रेघ कुठं पळून जात नाही!' खरं होतं ते. पण त्यालाही कधीतरी असंच ओरडला असतात तर मी ते विसरलो असतो.

रीतही तुम्हीच घातलेली. क्लब सोडून जाणाऱ्यानं शेवटच्या सामन्याचं मैदान स्वतः आखायचं, एकट्यानं. इतकी वर्षं ज्यानं तुडवलं, त्यानं एकदा आखावं. एरवी मैदान मी आखतो, खुंट्या ठोकून, सुतळी ताणून. आजवर जो जो गेला त्यानं माझी सुतळी मागून घेतली. मी परवा सकाळी सुतळीचा गुंडा हातात घेऊनच उभा होतो.

'ठेव भो, तुन्ही सुतळी तुन्हाजोडे ठेव,' तो म्हणाला. 'मन्हा पाय जाणतस.'

आणि माझीच गाडी ढकलत निघाला. शेजारच्या मोकळ्या जागेत, पथारीवर, मिरची वाळत घातलेली, वारा आमच्या बाजूला. पाहुणा संघ गुजरातेतून आलेला, तो तोंडाला रुमाल लावून शिंकत होता. आपली पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती, 'दादा, रेघ मारी ऱ्हायना का साप सोडी ऱ्हायना?' तो मागे न बघता म्हणाला, 'आज मिस्तरीले झोप नही येणार!' सगळे हसले. मीही हसलो. दोन पोस्टमधून जी रेघ जायला हवी, ती मधोमध वीतभर मैदानात आली होती. मी जागेवरूनच मोजली, डोळ्यानं.

सामना बरोबरीत होता आणि संपत आला होता. चेंडू त्याच्याकडे आला. पाय नाहीत, सर, आता त्याला. नुसतं वजन आणि हट्ट. अंगावर तीन पोरं घेऊन तो रेटत रेटत पुढे आला आणि पडता पडता हात लांब करून त्यानं चेंडू टेकवला. रेघेवर. त्याच्या रेघेवर. माझी सुतळी ताणली असती तर तो अलीकडे पडला असता. रेघेला टेकला तरी ट्राय, गुण पक्के, हा खेळाचा नियम. पाहुण्यांचा कॅप्टन धावत आला. 'रेफरीसाब, लाइन ही टेढी है!' खोटं बोलत नव्हता तो. हा मातीत पडल्या पडल्या, मान वळवून, माझ्याकडे बघतोय.

मी म्हटलं, 'लाइन जो है, वो है,' आणि शिटी मारून हात वर केला.

तुम्हाला वाटेल, मी मन मोठं केलं. तसं काही नाही. आखली ती रेघ, नियम एवढाच आहे. नियम उलटा असता तर मी तो ट्राय दिला नसता, आणि मला फार बरं वाटलं असतं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, ढोल आला, रेघ पायाखाली पुसली जाईपर्यंत सगळे नाचले. माझ्या रेघेवर असं कुणी कधी नाचलेलं नाही. सरळ रेघ कुणाच्या लक्षात येत नाही, हाच तिचा गुण म्हणे.

जेवणाआधी भाषणं झाली. आताचा कॅप्टन बोलता बोलता रडला. 'दादा म्हणजेच क्लब,' म्हणाला. मी केलेल्या बाकावर बसून ते मी ऐकलं. निघताना यानं मला मिठी मारली, फक्कीनं माझा शर्ट पांढरा केला आणि कानाशी म्हणाला, 'भो, तठे पोस्ट भी नही शे. तू ये ना. तुन्हासारखं कोणले येस?'

'बघू,' मी म्हटलं. हेच वाक्य तो माइकवर बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं?

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या शाळेचा माणूस आधी माझ्या दुकानात आला होता. पोस्टचे फोटो कुणीतरी त्याला दाखवले होते. शिकवणारा आणि सामान करणारा एकच माणूस त्यांना हवा होता. दुकान आहे, जमणार नाही, असं मी त्याला म्हटलं. मनात वेगळंच होतं: मी गेलो की मैदान याचं होणार. तो माणूस विचारू लागला, दुसरं कुणी आहे का, तेव्हा याचं नाव मीच दिलं. याला ते ठाऊक नाही. वाटलं होतं, हा गेला की मला दादा म्हणतील. काल संध्याकाळी सरावाला गेलो तर पोरं म्हणाली, 'मिस्तरी, आता कसं होणार हो आपलं?' मी गेलो असतो तर तो ढोल माझा होता, कॅप्टनचं रडणं माझं होतं. महिना पस्तीस हजार, वर राहायला दोन खोल्या. मी नाही म्हटलं.