उघडी मनगटं

सोलापूर, शुक्रवार, १७ मे १९७४

महिनाभर मनगटावरचं इसब शांत होतं. आज नणंदेच्या लग्नाच्या बांगड्या भरायला कासारीण आली. बांगड्या भरून घ्यायची माझी पाळी जवळ आली तशी खाज सुटली. सगळ्या बघतील, एवढंच मनात. पदराआड रक्त येईपर्यंत खाजवलं. डॉक्टर म्हणतात, काळजी सोडा, खाज थांबेल. सुटते का अशी काळजी?

कासारणीनं जुन्या बांगड्या वाढवल्या, मनगट पाहिलं. म्हणाली, "ह्ये चिकटत न्हाय वहिनी, सैल भरते की." सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तिला नको. तिच्या हाताला लागलेल्या बांगड्या नवरीला नकोत."

कुंकवाचा धनी घरात असून उद्या मांडवात मी उघड्या मनगटांनी उभी राहणार. यांना सांगितलं, तेव्हाही मी खाजवतच होते.

हे म्हणाले, "लांब बाह्यांचं पोलकं घाल."