झुल्मीरामावशींचं निशाण

रेसिफे, कार्निव्हलनंतरचा बुधवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघा जरा सुजलाय, एवढंच.

काल मात्र फ्रेव्हो नाचताना किळस आली गं. माझ्या जन्माआधीपासून मंडळाचं निशाण नाचवणाऱ्या झुल्मीरामावशींच्या हातातून अध्यक्षांनी ते काढून एका टीव्हीवरच्या नटीला दिलं. वर म्हणाले, "मावशी, कॅमेऱ्यात सुरकुत्या दिसतात." त्या बयेने निशाणालाच घाम पुसला. शी!

मी नाचाची छोटी छत्री मिटून भर रस्त्यात बसले. मग सगळेच बसले, बँडही थांबला. ओशाळून अध्यक्षांनी निशाण मावशींपुढे धरलं.

"आधी धुऊन आणा," मावशी म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, मी खूप नाचले.

तुझीच,
जासीरा