मधला खिळा

९ मार्च ८७, धुळे
नगरपालिकेचं काम मिळालं. जुन्या बाजाराचा रस्ता रुंद होणार. जेवढं पाडायचं तेवढ्यावर तांबडा पट्टा मारायचा. पंधरा वर्षं याच बाजाराच्या पाट्या रंगवल्या, आता पुसायचं कामही आपलंच. नाही म्हणायची सोय नाही. पोरीचं लग्न तोंडावर.

११ मार्च
मोजणी. रस्त्याच्या मध्यावर खिळा, तिथून दोन्हीकडे वीस-वीस फूट दोरी. दोरी संपेल तिथे पट्टा. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "मधला खिळा तू ठोकत जा, मी चहा घेऊन आलो." चहा तासभर चालला.

तांबट नानांच्या दुकानात दोरी थेट भट्टीवर गेली. भट्टी गेली की नानांचं काय उरतं? माझे वडील, दादा, वारले तेव्हा महिनाभर आमच्या घरी डबा नानांकडून यायचा.  आज ते नुसते घागर ठोकत राहिले.

खिळा दोन फूट पलीकडे ठोकला. भट्टी वाचली. घरी येऊन पोटभर जेवलो.

१२ मार्च
आज समोरची बाजू. नानांच्या समोर काय आहे, हे मला कुणी सांगायला हवं होतं? अख्खा जन्म तिथलं पाणी प्यायलो.

दोरी पाणपोईच्या ओट्यावर दोन फूट चढली. खिळा खऱ्या जागी असता तर ओट्याशी थांबली असती. कमानीचे दोन्ही खांब त्याच दोन फुटांत. साहेब आज नेमके शेजारी. "बघतोस काय? मार."
मारला. वर दादांच्या हातची अक्षरं, 'पाणी पिऊन जा'. हातात ओला ब्रश, मान वर करून वाचली. मूर्खासारखा.

१७ मार्च
पाणपोई कुणी बांधली विचारलं तर तीन म्हातारे तीन शेटजींची नावं सांगतात. एवढं खरं, की कापसाच्या गाड्या यायच्या तेव्हा बैलांना पाणी प्यायला बाहेर दगडी डोणी ठेवली. बैल गेले. डोणीला आता सायकली टेकतात. पाणी देणाऱ्या अक्का म्हणतात, त्यांच्या सासूनेही इथेच बसून पाणी दिलं. हे सगळं कशाला लिहितोय? आधी आठवायला हवं होतं.

आखाजी (अक्षय तृतीया)
बाजाराची रीत: घरी पितरांची घागर भरायच्या आधी एक घागर पाणपोईवर. ती नानांकडची, तांब्याची, दर वर्षी नवी. यंदाही नानांनी आणली. ठेवताना पट्ट्याकडे पाहिलं, मग समोर आपल्या भट्टीकडे, मग माझ्याकडे.
"खिळा तू ठोकला होता ना रे?"
हो म्हणालो.  कळलं त्यांना. मला लाज वाटली, आणि रागही आला, तोही त्यांचाच. घरची घागर बायकोने भरली, मी हात लावला नाही. दादांना कुठल्या तोंडाने पाणी देणार?

४ मे
नोटीस लागली. हरकत असेल तर उद्या पाचच्या आत लेखी द्या, फेरमोजणी होईल. नाहीतर पाडकाम सुरू. अर्ज लिहिला. अक्षर छान आलं, तेवढं एक येतं मला. दिला तर नानांची भट्टी जाणार, माझं कामही. आणि नाही दिला तर

दुपारी अक्कांकडे गेलो, सांगून टाकायचं म्हणून. पट्टा मीच मारला, एवढंच बोलता आलं.
"तुना काय दोस, भाऊ? तू ते नुसता रंग मारस. पानी पी ले."
खिळ्याचं सांगायचं राहिलं. ओंजळ धरली. त्यांनी नव्या घागरीतलं ओतलं.

५ मे
साडेचार. पाणपोईच्या ओट्यावर बसून लिहितोय. अर्ज खिशात. समोर नानांचं ठोकणं चालू होतं, मला बघून थांबलं. हातोडी हातात धरून उभे आहेत. मला बोलावत नाहीत, आत जात नाहीत.