राजासाठी राणीचा मुकुट

४ फेब्रु., बुध. अल क्वोज.
इंग्लंडच्या जुन्या कॅथीड्रलची ऑर्डर आली. वेदीवरचं कापड, मध्ये जरीचा मुकुट. ते चर्च कुठल्याशा जुन्या राजानं उभारलेलं. अजूनही त्यांच्या धर्माचा मुख्य राजाच. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा तिथं येऊन म्हाताऱ्यांना स्वतः नाणी वाटणार. आमच्या कारखान्याच्या गोव्याच्या मॅडम म्हणाल्या, "अंकल, राजासमोर अंथरणार हां. नीट करा."
माझा इथला आखातातला व्हिसा मार्चअखेर संपतो. या वयात मॅडमनी मनावर घेतलं तरच पुढे. शेजारचा कारागीर यासीन म्हणतो, "चाचा, राजा को ही बोलो, वीजा लगा दे."

११ फेब्रु.
मुकुट झाला. नमुन्याचा कागद बघावा लागला नाही. याच चर्चचे मुकुट इतकी वर्षं भरतोय, हात आपोआप चालतो.

१९ फेब्रु.
कापड कुरियरने गेलं. मॅडम खूश. "खलास अंकल, आता तुमचे पेपर." जरा बरं वाटलं. जेवलो नीट.

२१ फेब्रु., शनि.
यासीनला टेबल आवरताना तो नमुन्याचा कागद सापडला. त्यावरचा मुकुट वर गोल. मी भरला तो मध्ये दबलेला. तो राणीचा. राजा आला तसा मुकुट बदलला. खालचं इंग्रजी मला येत नाही, पण चित्र तर समोर होतं.
यासीन रोजा धरूनही चेष्टेला तयार. "रानी को मरे कितना टाइम हुआ, आप अभी तक उसी की नौकरी में?" मग माझं तोंड बघून परत टेबल आवरायला लागला.

२२ फेब्रु.
उसवून परत भरायला दोनच दिवस. पण कापड तिथं.
हिला गावी फोन केला. म्हणाली, "सांगून टाका." मग लगेच, "आधी व्हिसा होऊ दे हो."

२४ फेब्रु., मंगळ.
सांगायचंच म्हणून केबिनमध्ये गेलो. मॅडम व्हिडिओ कॉलवर. पलीकडे पाद्री, माझ्याच वयाचा, मागे वेदीवर माझं कापड. मॅडमनी मला पुढे ओढलं, "धिस इज अवर मास्टर!" त्यानं हात जोडले. मीही. मुकुट स्वच्छ दिसत होता. त्याला कळलं नाही की बोलला नाही, देव जाणे.
मग व्हिसाचा फॉर्म पुढे आला. सही केली.
"काही बोलायचं होतं का अंकल?"
"कापडाला सुरकुती दिसली."
"करतील ते इस्त्री."
बाहेर येऊन बसलो. गुरुवारला अजून पाच आठवडे आहेत. उद्या सांगितलं तरी कापड परत येऊन, उसवून, वेळेत... पण सही तर आज झाली. उद्या सांगितलं तर तो फॉर्म मॅडमच्या टेबलावरच राहील.